कंपनीच्या वतीनं, कंपनीबाई

कंपनीबाईंना प्रश्न विचारल्याशिवाय चहासुद्धा पचत नसे. अकोल्याच्या जुन्या शहरात त्या फुलं विकायच्या आणि फूल उत्पादकांच्या कंपनीच्या सभासद होत्या. शेअर मोजकेच, पण बोलणं असं, की अख्खी कंपनी त्यांना आंदणात मिळालेली. मी त्यांचा वकील.

एका उन्हाळ्यात अध्यक्षांनी कंपनीची फुलं थंड ठेवणारी गाडी मेव्हण्याच्या आइस्क्रीमच्या धंद्याला जुंपली. इकडे सभासदांचा निशिगंध उघड्या टेम्पोत वाळू लागला. बाई तडक माझ्याकडे आल्या.

"वकीलसाहेब, दावा लावा."

"बाई, गाडी कंपनीची, म्हणून नुकसान कंपनीचं. दावाही कंपनीनंच लावायचा."

"अन् कंपनी कोन चालवते?"

"अध्यक्ष."

"म्हंजे चोरानंच चोराची फिर्याद लिहायची? वा रे कायदा!"

अशा वेळी सभासदाला कंपनीच्या वतीनं उभं राहता येतं, हे मी सांगितलं. "पण जे मिळेल ते कंपनीला. तुमच्या हाती काही नाही."

"मले काय करायची गाडी? माह्या बोळीत सायकल फसते."

दावा दोन वर्षं चालला. दर तारखेला बाई अध्यक्षांच्या हाती त्यांच्या बायकोसाठी गजरा द्यायच्या. "भांडन तुमच्याशी हाये, वहिनीशी नाही." अध्यक्ष बिचारे कोर्टातून गजरा सांभाळत घरी जायचे.

उलटतपासणीत समोरच्या वकिलांनी दरडावलं, "यात तुमचं स्वतःचं काय गेलं?"

"माहं काई नाही जी. कंपनीले तोंड नाही, म्हनून मी बोलून राहिली."

न्यायाधीशांनी घाईघाईनं फाईल तोंडासमोर धरली.

गाडी परत आली, अध्यक्ष पायउतार झाले. सगळ्यांनी बाईंनाच अध्यक्ष व्हा म्हटलं. त्यांनी हात जोडले. "मी खुर्चीवर बसली, तर माह्यावर दावा कोन लावन?"

गेल्या हिवाळ्यात त्या गेल्या. यंदाच्या वार्षिक सभेत पहिल्या रांगेतली बाईंची नेहमीची खुर्ची रिकामी पाहून नव्या अध्यक्षांना जरा हायसं वाटलं असावं. "अहवाल वाचला असं समजावं," म्हणत ते पुढच्या विषयाकडे वळले.

मागून एक बाई उठली. कंपनीबाईंची ती नात्यागोत्यातली कोणी नव्हे; सभेला पहिल्यांदाच आलेली.

"काहून समजावं?" ती म्हणाली. "वाचा ना जी. आमी बसलो हावोत."

अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, आणि पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली.