इसाबेल टीचरची चिठ्ठी

दुबईच्या ऊद मेथा भागातल्या एका शाळेत इसाबेल बावीस वर्षं इंग्रजी साहित्य शिकवत होती. मूळची वसईची. लग्न केलं नाही आणि का केलं नाही याचा खुलासाही कुणाला दिला नाही. एकोणिसाव्या शतकातले काळोख्या वृत्तीचे अमेरिकन लेखक हा तिचा खास प्रांत. त्यांचेच भाईबंद लेखक 'माणूस मुळात चांगला, निसर्ग दयाळू' असे गोडवे गात होते, तेव्हा या दोघाचौघांनी सांगितलं, नाही हो, जरा आत बघा. भूत बाहेरून येत नाही. लपवलेलं पापच घर पोखरतं.

"मिस, धिस इज सो डिप्रेसिंग," मुलं म्हणत.

"मग कॉमर्स घ्यायचं होतंत," ती म्हणे.

जूनमध्ये ती साठीची होणार होती. नोकरी संपणार आणि नोकरीबरोबर व्हिसाही. जायला जागा एकच. धाकट्या भावाने, ॲरॉनने, वसईच्या घरातली वरची खोली तिच्यासाठी रंगवून ठेवली होती.

हे लेखक शिकवून झाले की दरवर्षी ती मुलांकडून चिठ्ठ्या लिहून घेई. नाव घालायचं नाही. कुणालाच न सांगितलेलं एक पाप लिहायचं, घडी करून बिस्किटांच्या डब्यात टाकायचं. मग ती सगळ्या चिठ्ठ्या न वाचता फाडे. मुलं लाजू नयेत म्हणून स्वतःचीही एक टाके, मराठीत. या वर्गात मराठी कोण वाचणार? शिकलेल्या बाईचा शुद्ध मूर्खपणा.

यंदा चिठ्ठ्या फाडायच्या आधीच तिला ऑफिसातून बोलावणं आलं. तिची पाठ वळताच मुलांनी डबा उघडला.

"आय कॅन रीड धिस," मैथिली म्हणाली. ती दर शनिवारी ऑनलाइन मराठी शिकायची. एकेक अक्षर लावत तिने चिठ्ठी वाचली, अर्धी समजली, आणि फोटो काढून आईला पाठवला. आई, मनाली, हरखली. तिने तो न वाचताच मराठीच्या बाईंना पाठवून दिला: 'बघा, मैथिली आता हाताने लिहिलेलंही वाचते!'

मराठीच्या बाई म्हणजे सोफिया, ॲरॉनची बायको. तिला दुबईतली ही मुलं इसाबेलनेच मिळवून दिली होती. नणंदेचं अक्षर तिने लगेच ओळखलं.

'मम्मी जायला टेकली होती तेव्हा मी घरी सांगितलं, रजा मिळत नाही. मी रजा मागितलीच नव्हती. मला तिला तसं बघायचं नव्हतं.'

संध्याकाळी ॲरॉनचा फोन आला.

"बाय, हे तू लिहिलंस?"

"हो."

"तुझ्या प्रिन्सिपलला मी आठ वर्षं शिव्या देतोय."

"नको देऊस. भला माणूस होता."

"मम्मी तीन दिवस तुझं नाव घेत होती. मी तिला सांगत होतो, सोडत नाहीत गं तिला, फार कडक लोक आहेत. मरणाऱ्या बाईशी तू मला खोटं बोलायला लावलंस."

इसाबेलने एकही सबब सांगितली नाही. कबूल केलं की मन हलकं होतं, असं फादर सांगतात. तिच्या लेखकांनी तसं कधीच सांगितलं नव्हतं, आणि तेच खरे निघाले.

"जूनमध्ये..." तिने सुरुवात केली.

"वरच्या खोलीत सोफियाची आई येतेय राहायला," तो म्हणाला. "तू तुझं बघ."

सोफियाची आई काही येणार नव्हती. दोघांनाही ते ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी तिने वसईच्या एजंटला फोन लावला. एक खोली, भाड्याने, तळमजल्यावर.

"किती माणसं, मॅडम?"

"एक."

"आणि इथे नातेवाईक कुणी? काही झालं तर कळवायला नंबर लागतो."

"कुणी नाही," इसाबेल म्हणाली.