नेय ताक

सातवा ग्लास भरला, तेव्हा स्वीडनचे लार्स आजोबा माझ्याकडे बुडत्या माणसासारखे पाहू लागले.

मी टुरिस्ट गाइड. सहा परदेशी पाहुण्यांना दौलताबादचा किल्ला दाखवून पायथ्याच्या चंद्रकला मावशींकडे जेवायला आणलं होतं. एरवी आमची एजन्सी ग्रुपला शहरातल्या हॉटेलातच नेते. महिनाभर मॅडमच्या मागे लागून मी मावशींसाठी ही ट्रायल मिळवली होती. मॅडमनी बजावलं होतं, "एकाचंही पोट बिघडलं, तर मावशींची खानावळ कायमची कट." त्यामुळे सातव्या ग्लासाला घाम मला फुटला.

सुरुवात पोलंडच्या बाईंनी केली. जेवण आवडलं का, असं मी इंग्रजीत विचारल्यावर त्या मान हलवून म्हणाल्या, "ताक, ताक." पाहुणीनं मराठीत मागितलं म्हणून मावशी हरखल्या. त्यांनी ताक वाढलं, शेजारच्या लार्सनाही दिलं. तेही अदबीनं म्हणाले, "ताक." ग्लास रिकामा झाला की मावशी भरत, आणि भरला की ते पुन्हा "ताक" म्हणत. मला वाटलं, मंडळी मोबाइलवर शब्द शिकून आलीत. गाइडनं असं काही गृहीत धरू नये.

सातव्यानंतर आजोबांनी ग्लासवर हात ठेवला. "नेय ताक."

"नाय कसं? माठभर हाय की," म्हणत मावशींनी त्यांचा हात बाजूला करून आठवा ओतला. तो कसाबसा संपवून आजोबांनी ग्लास टेबलाखाली धरला.

मावशी मला म्हणाल्या, "बाबा लई लाजाळू दिसतेत. ताकाला येऊन भांडं लपवायलेत."

आता मात्र मी आजोबांना आणि बाईंना सरळ विचारलं, तेव्हा उलगडा झाला. स्वीडिशमध्ये ‘ताक’ म्हणजे आभार, इंग्रजी ‘थँक’च्या भावकीतला शब्द. ‘नेय ताक’ म्हणजे ‘नको, आभारी आहे’. बाईंचं पोलिश ‘ताक’ म्हणजे ‘हो’. ते आलंय ‘तसं’ या अर्थाच्या जुन्या शब्दापासून. दोघांचा एकमेकांशी संबंध नाही, आणि आपल्या ताकाशी तर दोघांचाही नाही.

हे सगळं मी मावशींना समजावलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"मंग ताकाला काय म्हणत्यात तिकडं?"



आजोबांचं पोट धडधाकट निघालं. फीडबॅक फॉर्मवर त्यांनी लिहिलं, ‘जेवण उत्तम. ताक पुरेसं.’ मावशींची खानावळ पक्की झाली. आता ग्रुपला मी बसमध्येच सांगतो, नको असेल तर कुठल्याच भाषेत बोलू नका, ग्लास पालथा घाला.