चँडलरहून युरोप

"बॅग भर बे," असं म्हणत तो दारात उभा राहायचा आणि गाडीची किल्ली बोटात गरगर फिरवायचा. शुक्रवारची दुपार असायची, माझ्यासमोर अर्धी असाइनमेंट असायची आणि कुकरची दुसरी शिट्टी नुकतीच झालेली असायची. कुठे जायचं, किती दिवस, उतरायचं कुठे, या सगळ्या प्रश्नांना त्याच्याकडे एकच उत्तर होतं. "निघू तर आधी!"

असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. नसेल तर तुमचं नशीब थोर आहे.

आम्ही अ‍ॅरिझोनात चँडलरला राहत होतो. मी पुण्याचा, तो अमरावतीचा, एका अपार्टमेंटमध्ये. वरच्या मजल्यावर मुंबईची ऋतुजा. तिघंही एकाच वर्गात मास्टर्स करत होतो. गाडी फक्त त्याच्याकडे होती, आणि त्यामुळे आमचं काही चालायचं नाही.

एकदा "चहा पिऊन येऊ" म्हणून त्याने आम्हाला बाहेर काढलं आणि संध्याकाळी आम्ही सॅन डिएगोच्या समुद्रावर होतो. माझ्या पायात घरातल्या सपाता होत्या आणि झाडून सगळे कपडे चँडलरच्या वॉशिंग मशीनमध्ये ओले पडले होते. दोन दिवसांनी मशीन उघडलं तेव्हा ऋतुजा नाक धरून जिन्यापर्यंत मागे गेली. पुढचा आठवडा मी त्याचे शर्ट घालून कॉलेजला गेलो. तो माझ्यापेक्षा हातभर उंच. "शोभतात बे तुला," एवढंच म्हणाला. माफी वगैरे मागायची पद्धत अमरावतीत नसावी.

दुसऱ्यांदा ग्रँड कॅन्यनची ती प्रसिद्ध दरी. चार तास गाडी हाकून गेलो, कठड्याशी उभे राहिलो. त्याने एकदा डावीकडे पाहिलं, एकदा उजवीकडे. "मोठी आहे," म्हणाला, आणि चहा कुठे मिळतो ते शोधायला निघून गेला.

माझा स्वभाव नेमका उलटा. मी दाढीसुद्धा कॅलेंडरवर टाकून करतो. अशा माणसाला त्याच्यासारखा रूममेट मिळणं हा कुठल्या जन्मीचा सूड होता, कोण जाणे.

मे महिन्यात डिग्री संपली. मी जाहीर केलं होतं की या वीकेंडला मी फक्त झोपणार. शुक्रवारी दारात किल्ली फिरली.

"बॅग भर. युरोपला चाललो."

"व्हिसा काय तुझे काका देणार?"

"लंडन, पॅरिस, व्हेनिस. सोमवारपर्यंत परत. आणि हो, स्वेटर घे."

बाहेर पापड भाजून निघतील असं ऊन होतं. तरी घेतला. दोन वर्षांत त्याने मला एवढं तर नक्कीच बिघडवलं होतं.

युरोपचा खुलासा त्याने पहाटे गाडीत केला. लंडनमधला जुना पूल कोणे एके काळी एका अमेरिकन माणसाने विकत घेतला आणि त्याचे दगड आणून इथे अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात, लेक हवासू नावाच्या गावात पुन्हा उभा केला. हे खरं आहे, तुम्ही जाऊन बघू शकता. तिथून पुढे लास व्हेगस, आणि तिथल्या हॉटेलांपुढे आयफेल टॉवरही आहे आणि हॉटेलांच्या आत व्हेनिसही आहे.

"पण का?" ऋतुजाने विचारलं.

तो रस्त्याकडे बघत म्हणाला, "आईचं हार्टचं ऑपरेशन आहे बुधवारी."

त्याच्या आईने तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. पोरांना नकाशावर सगळा युरोप फिरवला आणि स्वतः नागपूरच्या पुढे फारशी गेली नाही. त्याने अमेरिकेला निघताना कबूल केलं होतं की पहिल्या कमाईत तुला युरोप दाखवीन. आता डॉक्टर नक्की काही सांगत नव्हते. आणि याला घरी जाता येत नव्हतं. नोकरी मिळाली होती, पण कामाच्या परवान्याचा अर्ज पेंडिंग होता. अशात देश सोडला तर परत येता येईल याची खात्री कुणीच देईना. आई स्वतः म्हणाली होती, येऊ नकोस. म्हणून आता ऑपरेशनआधी व्हिडिओ कॉलवर हाच युरोप तिला खरा म्हणून दाखवायचा होता.

मला वाईट वाटायला हवं होतं. मी भडकलो. "हे काल सांगता येत नव्हतं?"

"सांगितलं असतं तर तू एक्सेल शीट केली असतीस."

मी खरंच केली असती.

पुलावर पोचलो तेव्हा सकाळ होती, अमरावतीत रात्रीची जेवणं होत आली असतील. त्याने आम्हाला स्वेटर घालायला लावले, कारण लंडनला थंडी असते. चड्डीवर फिरणारे एक अमेरिकन आजोबा आमच्याकडे बघत उभेच राहिले. मानेवरून घामाच्या धारा लागलेल्या आणि मी हात चोळत व्हिडिओ कॉलवर म्हणतोय, "काकू, फार गार आहे हो इथे!"

काकूंनी पूल नीट पाहिला. कमानी मोजल्या. मग म्हणाल्या, "लंडनला आत्ता दुपार कलायला लागली असेल न बेटा? सावल्या तर सकाळच्या वाटून राहिल्या."

मी त्याच्याकडे असं पाहिलं की दुसरा कुणी असता तर त्याने तिथेच पुलावरून उडी मारली असती.

"असो," काकू म्हणाल्या. "पूल छान आहे. उद्या पॅरिस न?"

पॅरिस संध्याकाळी झालं. काकू अमरावतीत सकाळचा चहा पीत होत्या. "फोटोत टॉवर याहून उंच वाटतो," म्हणाल्या. "कॅमेऱ्यात तसा दिसतो, काकू," ऋतुजाने सावरलं, आणि नेमका त्याच वेळी मागून काउबॉय टोपी घातलेला एक माणूस गेला. काकू हसल्या. त्यांनी काहीही विचारलं नाही.

रविवारी सकाळी व्हेनिस. हॉटेलच्या आत कालवा, त्यात होड्या आणि वर छतावर रंगवलेलं निळं आकाश. तो फोन हातात धरून सगळं दाखवत सुटला होता. ही होडी बघ, हा पूल बघ, या खिडक्या बघ. दोन दिवस तो असाच बडबडत होता, आणि मला आता डोकं धरून बसावंसं वाटत होतं.

"बेटा," काकू म्हणाल्या, "व्हेनिसचं आकाश फार खाली आलंय."

त्याने फोन झटकन खाली कालव्याकडे वळवला.

"पुरे झाला युरोप. कॅमेरा फिरव. तुझं तोंड दाखव."

तो फिरवेना. दोन दिवसांत त्याने एकदाही फोन स्वतःकडे वळवला नव्हता, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. शेवटी मीच त्याच्या हातातून फोन घेतला आणि त्याच्यासमोर धरला. त्याने हसायचा प्रयत्न केला. जमलं नाही.

काकू त्याच्याकडे बघत राहिल्या. "वाळलास," म्हणाल्या. मग अगदी साध्या आवाजात, "मला बुधवारची भीती वाटून राहिली रे."

फोन बंद झाल्यावर त्याने डोळे पुसले आणि म्हणाला, "एअरपोर्टला सोडा."

अ‍ॅरिझोनातून बाहेर पडताना आम्ही सगळेच पासपोर्ट बरोबर ठेवायचो, तेव्हा पासपोर्ट त्याच्याजवळ होता. तिकिटाचा पत्ता नव्हता. गाडी तोच चालवत होता आणि मी सबंध रस्ताभर ओरडत होतो. परवान्याचं काय? नोकरीचं काय? दोन वर्षं घासलीस ती पाण्यात जातील. "जातील," तो म्हणाला. मागच्या सीटवर ऋतुजा फोनवर तिकीट शोधत होती.

"हे आधीच ठरवलं होतंस ना?"

"मी कधी काही ठरवलंय का बे?"

टर्मिनलसमोर उतरला. अंगात अजून स्वेटर. किल्ली माझ्याकडे फेकली आणि आत गेला. बॅगसुद्धा नेली नाही.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तो पोचला. काकू वाचल्या. त्याचा अर्ज बारगळला, नोकरी गेली, तो इकडे परत आला नाही. आता नागपुरात कुठेशी नोकरी करतो. मी अजून चँडलरलाच आहे. आमचे वीकेंड आता महिनाभर आधी ठरतात आणि त्यातले निम्मे कॅन्सल होतात. कपडे वेळेवर वाळतात. आणि मी त्याच्यावर अजून चिडलेला आहे. इतकं मोठं काहीतरी तो किल्ली फिरवावी तसं करून गेला. माझी आईही पुण्यात एकटीच असते. तिने उद्या कॅमेरा फिरव म्हटलं तर मी आधी कॅलेंडर उघडीन, हे मला पक्कं ठाऊक आहे.

त्या रविवारी गाडी परत आणायची माझ्यावर आली. हायवेवर मी कधी चालवली नव्हती, चालवायचा तोच. ड्रायव्हरची सीट त्याच्या उंचीने पार मागे सरकवलेली होती आणि तिचा खटका गंजलेला. मी ओढला, ढकलला, त्याला चार शिव्या दिल्या. सीट हलेना. माझे पाय पेडलपर्यंत पोचेनात. शेवटी ऋतुजाने मागून त्याची राहिलेली बॅग दिली. ती पाठीशी घेतली, आणि तिला टेकून मी चँडलरपर्यंत गाडी चालवली.