फेलिक्स म्हणजे फळाजी

माझ्या थोरल्या मामांइतका दुसऱ्यांच्या नावांचा कैवार घेणारा माणूस निजामाच्या अख्ख्या मुलखात झाला नसेल. गेवराईजवळ शेती, मराठी-उर्दू वाचण्यापुरती अक्षरओळख, आणि भेटेल त्याला लागोपाठ दोन प्रश्न: "नाव काय? अर्थ काय?" अर्थ ठाऊक नसला तर मामा सांगत. मामांनाही ठाऊक नसला तर त्या माणसाला हाताला धरून शास्त्र्यांकडे नाहीतर मौलवींकडे नेत, मग त्याच्या घरी पाहुणे खोळंबलेले का असेनात. एका लग्नात अंतरपाट धरलेला असताना त्यांनी नवरदेवाला गाठलं आणि "नरहरी म्हंजे सिंह हाय, मान वर करून हुबा राहा की बे!" असं दटावलं. रहमत नावाच्या पोलीस अमीनसाहेबांना तर भर कचेरीत म्हणाले, "साहेब, तुमच्या नावातच दया हाय. जरा भायेर काढा." मी त्याच कचेरीत कारकून, मी दप्तरात डोकं खुपसलं. पण अमीनसाहेब हसले, आणि दुसऱ्याच्या रानात गुरं घातली म्हणून समोर उभा केलेला गुराखी नुसत्या तंबीवर सुटला.

अशा मामांच्या गावात फेलिक्स आला. वसईकडचा ख्रिस्ती, इथल्या लहानशा दवाखान्यात कंपाउंडर. बोलणं मऊ, हात हलका. पण परीक्षेत नापास होणाऱ्याला 'फेल' म्हणतात, एवढं इंग्रजी गेवराईला येत होतं. कुणीतरी त्याला 'फेल कंपाउंडर' म्हटलं आणि ते नाव गावभर झालं. औषध देणाराच फेल, तर औषधाचं काय घेऊन बसलात? एक कोष्टी भाजलेला हात घेऊन दवाखान्याच्या पायरीवर कण्हत बसला, पण आत जाईना. फेलिक्स बदलीचा अर्ज लिहायला बसला.

मामांनी त्याला विचारलं, "अर्थ काय तुझ्या नावाचा?"

"ठाऊक नाही. आजोबांचं होतं, म्हणून ठेवलं."

"आन् तसंच घेऊन फिरतोस? कावून विचारलं न्हाई कुणाला?"

दुसऱ्या दिवशी मामांनी बैलगाडी जुंपली, नावेतून गोदावरी ओलांडली आणि जालन्याच्या एका म्हाताऱ्या पाद्र्याला गाठलं. पाचव्या दिवशी परतले ते थेट आठवडी बाजारात. गाडीवर उभे राहून म्हणाले, "ऐका रे! लॅटिन म्हणून लई जुनी भाषा हाय, रोमकडची. तिच्यात फेलिक्स म्हंजे नशीबवान, सुखी. पर त्याच्याबी आदी अर्थ व्हता फळणारा. चांगल्या झाडाला, पिकणाऱ्या रानाला फेलिक्स म्हणायचे. आन् तुमी त्याला फेल म्हणता? फळाजी म्हणा!"

"मामा, मग आदी तुमी घ्या की त्याचं औषध," गर्दीतून कुणी ओरडलं.

मामांना काहीएक झालं नव्हतं. तरी ते दवाखान्यात गेले आणि फेलिक्स नको नको म्हणत असताना हिवतापावरच्या कोयनेलचा कडूजार घोट सगळ्यांसमोर प्याले. तोंड इतकं वाकडं झालं की गाव पोट धरून हसलं, आणि त्या हसण्यातच कोष्टी पायरीवरून उठून आत गेला. महिन्याभरात त्याचा हात मागावर चालू लागला. पुढची सहा वर्षं गेवराईत फेलिक्स कुणी उरला नाही. सगळ्यांचा तो फळाजी.

शेवटी बदली आलीच. त्याला निरोप द्यायला मामा आणि मी गोदावरीपर्यंत गेलो. नाव यायची होती. फेलिक्स सहज म्हणाला, "मामा, तुमच्या नावाचा अर्थ मी कधी विचारलाच नाही."

इतक्या वर्षांत आमच्यापैकीही कुणी विचारला नव्हता. मामा वाळूकडे बघत म्हणाले, "दगडू. त्यात काय अर्थ? माझ्या आदीची चार लेकरं गेलती. यमानं उचलू नये म्हणून आईनं दगड म्हटलं."

फेलिक्सनं हातातलं बोचकं वाळूत ठेवलं. मग म्हणाला, "म्हणजे त्याचा अर्थ 'जगू दे' असा आहे, मामा."

नाव आली. तो बसला. ती पलीकडे लागेपर्यंत मामा उभे होते. मग पटक्याच्या शेवानं त्यांनी तोंड पुसलं आणि माझ्याकडे न बघताच म्हणाले, "काय म्हणला रं त्यो? पुन्ना सांग."

मी सांगितलं. बरंच अंतर चालून झाल्यावर त्यांनी मला ते आणखी एकदा सांगायला लावलं.