आमच्या विहिरीतली बाई

माझ्या नातीनं पिच्चर काढला, भुताचा. काढला तर काढला, पण त्यातलं भूत तिनं नेमकं माझ्या वावरातल्या विहिरीत ठेवलं. काहीतरी शिकेल म्हणून तिला यवतमाळात कॉलेजात घातली होती. ती हे शिकली. सोबतची चार-पाच पोरं-पोरी घेऊन आली, आठ दिवस विहिरीवर दिवे लावले, आमच्या घरचं पिठलं-भाकर खाल्लं आणि गेली. मी बाजूला खाट टाकून सगळं पाहिलं. भूत म्हणजे नातीचीच मैत्रीण. केस मोकळे, तोंडाला पीठ. जेवली की पीठ पुन्हा लावायचं. असलं भूत पाहून माझा बैलही बुजला नाही.

पण कापूस वेचणाऱ्या बाया बुजल्या.

झालं असं, की पिच्चरचा एक तुकडा त्यांच्या मोबाईलवर आला. त्यात आमची विहीर, तिच्यावरचा कडुनिंब, आणि काठावर येणारा एक ओला हात. दुसऱ्या दिवशी बाया आल्या, कमरेला ओट्या बांधल्या, रस्त्याकडचा सगळा कापूस वेचला आणि विहिरीकडच्या तुकड्यापाशी येऊन थांबल्या. त्यांची म्होरकी वीस वर्षांपासून माझ्या वावरात येते. मालक मी, पण ऐकायचं तिचं.

"काहून वं बाई, तिकडचा कापूस बकऱ्यांसाठी ठेवला का?"

"नाई जी बाबाजी. तिकडं थे बाई हाय."

"कोनती बाई? थे पोरगी होय! माह्या घरी जेवून गेली थे!"

"जेवते बी? मंग तं लयच कठीन हाय," ती म्हणाली. बाया फिदीफिदी हसल्या, पण पाय कोणी पुढं टाकला नाही.

मी सीतादहीची आठवण करून दिली. पहिल्या वेचणीला कापसाच्या झाडावर, म्हणजे पऱ्हाटीवर, दहीभात शिंपडून पूजा केल्याशिवाय आमच्याकडं कापसाला हात लावत नाहीत, आणि ती पूजा याच बायांनी केली होती.

"केली जी," म्होरकी म्हणाली. "पन थे पऱ्हाटीची केली. विहिरीची नाई."

इकडं आभाळ भरून येत होतं. बोंडं फुटून कापूस खाली लोंबत होता. एक पाऊस झाला असता तर तो तुकडा मातीत गेला असता. नात फोनवर म्हणाली, मी येऊन समजावून सांगते. मी म्हटलं, तू गप्प बस, तुझंच करणं आहे हे. मी चौथीपर्यंतच शाळेत गेलो, पण डोकं शाळेत ठेवून आलो नाही. बायांनी अर्धवट पाहिलं म्हणून त्या भ्याल्या. त्यांना पुरा पिच्चर दाखवायचा, कुठं पीठ लावलं ते बोटानं दाखवायचं, की झालं.

रविवारी काळी-पिवळी जीप सांगितली. नऊ बाया आणि मी. यवतमाळच्या टाकीजमध्ये नातीच्या कॉलेजानं ठेवलेला दुपारचा शो, नात आधीच पुढं जाऊन बसलेली. फुटाणे घेऊन बसलो, मी मधोमध. पडद्यावर वावर दिसलं तसा मी उभाच झालो. "हा माहा बैल! हे माही खाट!" मागून कोणीतरी ओरडलं, "ओ काकाजी, खाली बसा ना, बैलच दिसून राह्यला!"

मग विहीर आली. आणि विहिरीच्या तळातून एक आवाज निघाला. घरघरता, लांबलचक, जसं कोणी गाळातून वर ओढत आणतं आहे. विहिरीवर दिवे लावले होते तेव्हा हा आवाज मी ऐकला नव्हता.

"अरे बाप्पा!"

हे माझ्याच तोंडून निघालं. पाय खुर्चीवर आणि हातात म्होरकीचा हात. ती मात्र पडद्याकडं पाहतच नव्हती. मान वाकडी करून ऐकत होती. आवाज पुन्हा आला.

"अवं," ती सगळ्या टाकीजला ऐकू जाईल असं म्हणाली, "हे तं बाबाजीचं खोकलनं होय!"

नऊही बाया तो खोकला ओळखतात. वावरात गप्पा मारत बसल्या असल्या आणि मी धुऱ्याच्या बांधावरून खोकलत आलो, की त्या उठून कामाला लागतात. आधी आमची रांग हसली, मग मागची, मग सारी टाकीज. भुताच्या पिच्चरमध्ये लोक पोट धरून हसताहेत, आणि पुढं बसलेली माझी नात वळून माझ्याकडं पाहते आहे.

बाहेर आल्यावर तिनं कबूल केलं. "आबाजी, तुम्ही झोपले होते तवा मोबाईलवर घेतलं. असा आवाज दुसरीकडं भेटतच नाही."

"इचाराचं तरी!"

"इचारलं असतं तं तुम्ही चांगलं खोकलले असते."

परतीच्या जीपमध्ये तर विचारू नका.

"बाबाजी, तुम्ही काहून भेले?"

"भेलो नाई. दचकलो."

"मंग पाय वर काहून घेतले जी?"

"मुंग्या आल्या होत्या."

सोमवारी बाया आल्या त्या थेट विहिरीवर. म्होरकीनं आत वाकून हाक मारली, "बाई वं, येऊन राह्यलो आम्ही!" आणि वेचायला लागली. तीन दिवसांत तो तुकडा साफ झाला, पाऊस आला तेव्हा कापूस घरात होता. माझा हिशोब बरोबर निघाला, हे कोणी म्हणालं नाही ती गोष्ट वेगळी.

फक्त आता धुऱ्यावर खोकायची सोय राहिली नाही. जरा घसा खाकरला की नऊ बाया एकदम ताठ उभ्या राहतात आणि "अरे बाप्पा!" म्हणून एक-एक पाय उचलतात. म्हणून खोकला आला की मी रस्त्यापर्यंत चालत जातो, तिथं मोकळा होतो आणि परत येतो. तेवढ्या वेळात त्या निवांत गप्पा मारून घेतात, हे मला चांगलं ठाऊक आहे.