फाट्यावरची दाळमिल

शिवकांता मावशींच्या मातीला मी गेलो नाही.

त्या दिवशी मी प्रकल्प बघायला आलेल्या पाहुण्यांना दुसऱ्या गावातलं शेळीपालन दाखवत होतो.

फोन आला होता. उचललाही. "येतो" म्हणालो आणि पाहुण्यांच्या पुढं चालत राहिलो.

ज्यांना त्या माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. मानवत तालुक्यातल्या एका गावात बचत गटांच्या त्या अध्यक्ष. साठीच्या आसपास वय, कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, भेटल्यावर नमस्काराऐवजी 'शरणार्थ', घरचं छोटं किराणा दुकान.

आणि मी एका प्रकल्पाचा तालुका समन्वयक. म्हणजे गावाचा विकास कसा करायचा हे गावालाच शिकवणारा माणूस. पगार त्याचाच मिळतो.

दोन वर्षांपूर्वी आम्ही गावाचा आराखडा करायला बसलो. आमच्यात पद्धत अशी, की देवळापुढं रांगोळीनं अख्खं गाव काढायचं आणि काय कुठं हवं ते बायांनीच ठरवायचं. दाळमिल हवी, यावर सगळ्यांचं एकमत झालं. मावशींनी घरून आणलेली स्टीलची वाटी रांगोळीतल्या शाळेमागं पालथी ठेवली.

"इथं पायजे सर. सैपाक उरकून सांच्याला बायांला येता येतंय."

मी वाटी उचलली आणि पार डांबरी रोडवर, फाट्यावर नेऊन ठेवली.

"मावशी, इथं व्हिजिबिलिटी आहे. साहेब लोकांची गाडी थेट दारात लागते."

"आवो, फाटा दोन किलोमीटर हाय! तुरीचं पोतं डोक्यावर घिऊन कोण जाईल? आन् अंधार पडल्यावर बाया तिथं कशा थांबतील?"

"मावशी, जरा मोठा विचार करा."

असं म्हणालो मी. वयानं माझ्या आईएवढ्या बाईला. सगळ्यांसमोर.

'महिलांनी एकमताने निवडलेली जागा' हे वाक्य नंतर मीच टाइप केलं.

शेड झाली. मशीन आली. पाटी लागली, पाटीवर खाली माझं नाव.

बाया काही आल्या नाहीत. तूर आधीसारखीच मानवतच्या मोंढ्यात विकायला जात राहिली. मी रिपोर्टमध्ये लिहिलं, 'महिलांमध्ये मोटिव्हेशन कमी.' आणि त्यांना आणखी एक ट्रेनिंग दिलं.

मग वरून पहिली व्हिजिट ठरली. मावशींना फोन लावला.

"मावशी, उद्या मशीन चालू दिसली पाहिजे हो."

"दिसंल की. पाव्हणे कवा येयलेत?"

दुसऱ्या दिवशी शेड सारवल्यासारखी लख्ख. आठ बाया एका रंगाच्या साडीत. मशीन धडधडतेय आणि पिवळीजर्द दाळ पडतेय. तूर मावशींच्या घरची होती, हे मला नंतर कळलं. त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

पाहुण्यांमधल्या एका मॅडमनी विचारलं, "ही जागा कोणी निवडली?"



मावशी म्हणाल्या, "आमी बायांनीच की."

माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही त्यांनी.

पाहुणे गेल्यावर मी म्हटलं, "मावशी, वाचवलंत." तर म्हणाल्या, "तुमच्या पोटावर कामून पाय द्यायचा? तुमी बी लेकराबाळाचे हाव. पर सर, आता तेवढी मशीन गावात न्या. एक पत्र तर द्यायचंय."

खरंच, वरच्या ऑफिसला छापील नमुन्यातलं एकच पत्र द्यायचं होतं. फक्त त्यात 'जागा बदलण्याचे कारण' असा रकाना होता. तिथं काय लिहिणार? 'समन्वयकाची चूक'?

"पुढची व्हिजिट होऊ द्या, मग बघू," म्हणालो.

पुढची झाली. तिच्यापुढची झाली. आमची यशोगाथा छापून आली. मला स्टेजवर बोलावून प्रमाणपत्र दिलं. त्याचा फोटो मी इथंच पोस्ट केला होता. तुमच्यापैकी कितीतरी जणांनी अभिनंदन केलं होतं. तेव्हा स्वतःला काय समजत होतो मी, आज लाज वाटते.

दर व्हिजिटनंतर मावशी विचारायच्या, "सर, पत्राचं काय झालं?" कधी आवाज चढला नाही त्यांचा. चढला असता तर बरं झालं असतं.

गेल्या आठवड्यात छातीत दुखायलंय म्हणाल्या आणि परभणीला पोचायच्या आत गेल्या.

मी गेलो तिसऱ्या दिवशी. तीच ऑफिसची पांढरी गाडी. फाट्याजवळ ड्रायव्हरनं वेग कमी केला, तर शेजारच्या कापसात खुरपणाऱ्या दोघी बायांनी मान वर केली. खुरपी तिथंच टाकली आणि पळत सुटल्या. मला वाटलं साप निघाला.

त्या शेडकडं पळाल्या. एकीनं कमरेची चावी काढून कुलूप उघडलं.

मी खाली उतरेपर्यंत मशीन चालू झाली होती.

आत एक दाणा नव्हता. रिकामीच फिरत होती.

"अहो, कशाला चालू केली?"

दम खात एक जण म्हणाली, "मावशींनी सांगून ठेवलं व्हतं सर. तुमची गाडी दिसली की हातातलं काम टाकायचं आन् मशीन चालू करायची. सरला बोलणं बसू नये."

 

आज सकाळी पत्र दिलं. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'महिलांनी शाळेमागची जागा सांगितली होती. मी ऐकलं नाही.'

लिहायला चार मिनिटं लागली.

मावशी, शरणार्थ. तुमची वाटी मी उचलायला नको होती.