गाठ उठली नाही म्हणून

रेबेका भिंगारदिवे श्रीरामपूरहून रोज एसटीने येत. तालुक्याच्या आमच्या सरकारी दवाखान्यात त्या सिस्टर होत्या, कुपोषित मुलांचा वॉर्ड सांभाळत. मी औषधांच्या खिडकीत बसायचो. वीस वर्षांत त्यांनी सात डॉक्टर येताना-जाताना पाहिले. सातवे डॉ. हर्षल. त्यांना पेशंटपेक्षा कागद आवडत. कागद रडत नाही, अंगावर ओकत नाही.

त्या हिवाळ्यात नेवाशाकडच्या एका वस्तीवरून झुंबरबाई नातीला घेऊन आली. पंकजा, वय दोन वर्षं, वजन सहा किलो. आई-बाप ऊसतोडीला गेलेले. तीन आठवडे वेळेवर दूध, आहार, औषधं दिली तरी काटा हलेना. संध्याकाळी अंग तापायचं. सिस्टरांनी टीबीचा संशय बोलून दाखवला. हर्षल साहेबांनी हाताच्या कातडीत सुई टोचून करतात ती टीबीची चाचणी केली. तिसऱ्या दिवशी गाठ उठली नाही. एक्स-रेत ठळक काही दिसलं नाही. साहेबांनी केसपेपरवर ‘टीबी नाही’ असं लिहून खाली रेघ ओढली. रेघ मारण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता.

“सर, गाठ उठायला अंगात ताकद लागते,” सिस्टर म्हणाल्या. “हिच्या अंगात ती कुठंय?”

साहेबांनी त्यांना त्यांच्या शिक्षणाची आठवण करून दिली आणि ते जिल्ह्याच्या बैठकीला निघून गेले. बैठकीचा विषय होता कुपोषण.

सिस्टर झुंबरबाईजवळ जाऊन बसल्या. घरात कोणी खोकतं का, हा प्रश्न केसपेपरवर छापलेला होता, पुढे ‘नाही’ची खूणही होती, विचारलं मात्र कोणीच नव्हतं. सिस्टरांनी विचारलं.

म्हातारीने तोंडाला पदर लावला. “खोकला माझा हाय, बाई. दिवाळीपास्नं. पोरीला काय न्हाई.”

पोर दिवसरात्र तिच्याच कुशीत. म्हातारीचा बेडका तपासला, टीबी निघाला. सिस्टरांनी जिल्ह्याच्या बालरोगतज्ज्ञ निवेदिता मॅडमना फोन लावला. त्यांच्या सांगण्यावरून सकाळी उपाशीपोटी पंकजाच्या नाकातून नळी घालून पोटातलं पाणी काढलं, कारण एवढी लहान मुलं बेडका थुंकत नाहीत, गिळतात. ते टीबीचे जंतू शोधणाऱ्या मशीनवर पाठवलं. तिथेही काही सापडलं नाही. साहेब दिवसभर खुशीत होते. एवढी पोर आजारी असल्याचं सिद्ध न होण्यात इतका आनंद मानणारा डॉक्टर मी दुसरा पाहिला नाही.

मॅडमनी मात्र स्वतः येऊन पोरीला तपासलं. घरात रोगी आहे, ताप आहे, खाऊनही वजन वाढत नाही. इतक्या अशक्त मुलात मशीनच्या नकारावर विसंबता येत नाही, असं म्हणून त्यांनी टीबीची औषधं सुरू केली.

सहा आठवड्यांत पंकजा सव्वासात किलोची झाली. साहेबांनी तिला कडेवर घेऊन फोटो काढला आणि पुढच्या बैठकीत ‘पोषण आहाराचं यश’ म्हणून दाखवला. टाळ्या पडल्या म्हणे.

राग येत नाही का, असं मी सिस्टरांना विचारलं.

“येतो ना,” त्या म्हणाल्या. “तुम्ही आधी म्हातारीच्या गोळ्या द्या. कधीची उभी आहे.”